वाऱ्याच्या गावातला आखीव बाजार

मोरोक्कोतल्या जुन्या बाजारात शिरलेल्या माणसानं हरवलंच पाहिजे, असा आता रिवाजच पडला आहे. फेसच्या किंवा माराकेशच्या गल्लीबोळांत आपल्याला कसा चकवा लागला, हे तिथून परतलेला प्रत्येक जण कौतुकानं सांगतो. अटलांटिकच्या काठावरच्या एसाविरात ही हौस भागत नाही. बाब दुक्काला या ईशान्येच्या वेशीतून आत आलं की रस्ता नाकासमोर निघतो आणि तसाच बंदराच्या अंगाला जाऊन पोचतो. वाटेत त्याची नावं बदलतात, झेरक्तूनी, इस्तिकलाल, ओक्बा इब्न नाफी. दिशा बदलत नाही. मध्यावर बाब माराकेशकडून येणारा दुसरा रस्ता त्याला छेदतो. त्या चौकाच्या आसपास, कमानींच्या ओळींआड, गावचा मुख्य बाजार बसला आहे. त्याचं नाव सूक जदीद, म्हणजे नवा बाजार. हा ‘नवा’ बाजार अडीचशे वर्षांचा आहे.

ही सरळ रेघ सुलतानाच्या तिजोरीसाठी मारलेली होती. सिदी मोहम्मद बेन अब्दल्ला १७५७ मध्ये गादीवर आला तेव्हा दक्षिणेकडचा सूस प्रांत त्याला पुरता जुमानत नव्हता आणि त्या प्रांताचं अगादीर बंदर परस्पर युरोपशी व्यापार करत होतं. त्यानं अगादीर परदेशी जहाजांना बंद केलं आणि उत्तरेला, माराकेशपासून तीन-चार मुक्कामांवरच्या किनाऱ्यावर, नवं शहर वसवायला घेतलं. साल १७६४ च्या सुमाराचं. आराखड्यासाठी तेओदोर कोर्नू हा फ्रेंच अभियंता मिळाला. तटबंदी युरोपी पद्धतीची, रस्ते काटकोनात, अधिकारी आणि बडे व्यापारी तटबंद कसब्यात, बाकीची वस्ती बाहेर आणि या सगळ्याच्या मधोमध बाजार. परदेशी वाणिज्यदूतांना आणि व्यापाऱ्यांना इथे येऊन घरं बांधायला लावलं. माल कुठल्याही वाटेनं आला तरी सुलतानाचा जकातदार चुकू नये, अशी ती योजना होती. पुढे १७७७ मध्ये अमेरिकी जहाजांना आपली बंदरं खुली करणारा सुलतान तो हाच. अमेरिकेचं स्वातंत्र्य जगानं अजून धड मान्यही केलं नव्हतं, पण गिऱ्हाइकाचं बारसं होण्याआधी त्याच्याशी खातं उघडायला याची हरकत नसावी.

एसाविरा वसण्याआधी या जागेचं नाव होतं मोगादोर. समोरच्या बेटांच्या आडोशाला फिनिशियन दर्यावर्दी नांगर टाकत. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीस मॉरेतानियाचा राजा दुसरा जुबा याचा इथे शिंपल्यातल्या गोगलगायींपासून जांभळा रंग काढण्याचा उद्योग होता आणि तो रंग रोमच्या सरदारांच्या वस्त्रांच्या काठांना चढे. १५०६ मध्ये पोर्तुगीज राजा मॅन्युएलच्या हुकमानं दिओगो द अझांबुजा यानं इथे किल्ला बांधला; आसपासच्या जमातींनी तो टिकू दिला नाही आणि १५१० मध्ये पोर्तुगीजांना काढता पाय घ्यावा लागला. त्याच वर्षी त्यांच्याच आल्बुकर्कनं गोवा घेतलं. तिकडे साडेचारशे वर्षं ठाण मांडणाऱ्या सत्तेला मोगादोरनं चार वर्षांत वाटेला लावलं, ही गोष्ट गोव्यातून येणाऱ्याला बरी वाटण्यासारखी आहे.

नव्या बाजाराची भरभराट पाऊणशे-शंभर वर्षं टिकली. सहारा ओलांडून टिंबक्टूकडून आलेले उंटांचे तांडे इथे उतरत. शहामृगाची पिसं, हस्तिदंत, सोनं, डिंक आणि गुलाम, असा त्यांचा माल. आसपासच्या मुलखातून बदाम, मेण आणि बकऱ्यांची कातडी येई. उलट दिशेनं मँचेस्टरचं कापड आणि चीनचा चहा येई. या देवघेवीचे सूत्रधार होते ‘तुज्जार अस-सुलतान’, सुलतानाचे व्यापारी. त्यांत बरेचसे ज्यू. सुलतान त्यांना भांडवल उसनं देई, राहायला घर देई आणि जकातीतून सगळं वसूल करी. आज मोरोक्कोची ओळख होऊन बसलेला पुदिन्याचा चहा मोठ्या प्रमाणात देशात शिरला तो अशाच बंदरांतून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर क्रायमियाच्या युद्धानं पूर्व युरोपची गिऱ्हाइकं तुटली, तेव्हा ब्रिटिश व्यापाऱ्यांनी साठलेली हिरवी चहापत्ती टँजियर आणि एसाविराला आणून उतरवली, अशी हकिगत सांगतात. ज्या पेयाला आपण हजार वर्षांची परंपरा चिकटवतो, ते सर्वसामान्यांच्या घरी येऊन पुरती दोनशे वर्षंही झालेली नाहीत.

मग उतरण लागली. १८४४ च्या ऑगस्टमध्ये फ्रेंच आरमारानं तोफांनी शहर झोडपलं. आगबोटी आल्या, पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर फ्रेंच बंदरं वाढली, टिंबक्टूही फ्रेंचांच्या हातात गेलं आणि तांड्यांना इतक्या लांब यायचं कारण उरलं नाही. १९१२ नंतर फ्रेंच अमलात सगळा ओघ कासाब्लांकाकडे वळला. एसाविरा मागे पडलं, आणि मागे पडल्यामुळेच शाबूत राहिलं. पाडून नवं बांधायला पैसाच नव्हता. २००१ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत घातलं ते हे शहर.

मदिनेत, म्हणजे तटाच्या आतल्या गावात, मोटारी येत नाहीत. ओझं वाहायला करोसा नावाची लांब ढकलगाडी असते. पाहुण्यांच्या पेट्यांपासून गॅसच्या टाक्यांपर्यंत सारं तिच्यावरून जातं आणि मागून “बलाक! बलाक!” अशी आरोळी आली की मुकाट्यानं भिंतीला चिकटायचं. गर्दी तशी सोसण्यासारखी असते. झोंबतो तो वारा. एप्रिल ते सप्टेंबर ईशान्येचे वारे इथे मुक्कामालाच असतात. त्यामुळे भर उन्हाळ्यात माराकेश भाजून निघत असताना एसाविरात स्वेटर चढवावा लागतो. बाजारावरही त्यांची हुकमत चालते: ताडपत्र्या दोरांनी आवळलेल्या, टांगलेल्या गालिच्यांना खाली दगड बांधलेले आणि कागदी पिशवीतलं सामान घेऊन कोपऱ्यावर वळताना सावध राहिलेलं बरं.

सूक जदीदचे रस्त्यामुळे दोन भाग पडतात आणि त्या भागांत चार-पाच चौक आहेत. मासळीचा चौक म्हणजे सूक एल हूत. आधी तिथे जावं, कारण बाजाराचा हा भाग अजून गावासाठीच चालतो. निळ्या रंगाच्या लाकडी होड्या बंदरात लागतात, लिलाव तिथेच होतात आणि किरकोळ माल हातगाड्यांवरून इकडे येतो. फरशीच्या ओट्यांवर माकूल, वाम, लेपा, कोळी-खेकडे, कधी हातभर लांबीचा शार्कचा तुकडा, आणि मुख्य म्हणजे तारली. डबाबंद तारलीच्या निर्यातीत मोरोक्को जगात पहिला आहे. एसाविराचे स्वतःचे डब्यांचे कारखाने मात्र मासे दक्षिणेकडे सरकले तसे बंद पडत गेले. आता इथल्या होड्या मुख्यतः ताज्या मासळीवर जगतात.

ओट्यामागचा माणूस तारली साफ करतो ते उभं राहून बघण्यासारखं असतं. सुरी तो जवळपास वापरतच नाही. अंगठ्यानं डोकं मोडून खेचतो, त्याबरोबर आतडं बाहेर येतं. मग तोच अंगठा पोटातून शेपटीपर्यंत सरकवतो, मासा पुस्तकासारखा उघडतो आणि मधला काटा दोन बोटांत धरून अखंड उचलतो. शेपूट तशीच ठेवतो. वीस तारल्या उघडायला त्याला गिऱ्हाइकाशी भाव ठरवण्यापेक्षा कमी वेळ लागतो. अशा उघडलेल्या दोन तारल्यांच्या मध्ये कोथिंबीर, लसूण, जिरं, लाल मिरचीची भुकटी आणि लिंबू यांचं वाटण भरायचं, पिठात घोळवायचं आणि तळायचं. या वाटणाला शेर्मूला म्हणतात आणि या जोडीला ‘लग्न लावलेल्या तारल्या’. घरी चूल नसलेल्या प्रवाशाचीही सोय आहे. मासे विकत घ्यायचे आणि चौकातच कोळशाची शेगडी मांडून बसलेल्याकडे द्यायचे. थोड्या पैशांत तो खडेमीठ लावून भाजून देतो, वर पाव आणि टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर. बंदराजवळच्या ओळीने मांडलेल्या टपऱ्यांवर हाच मासा जास्त थाटात मिळतो. दरफलकही असतो. तरी वजन डोळ्यांदेखत करून घ्यावं.

मासळीच्या शेजारी मसाल्यांचा चौक. इथे पूर्वी सूत आणि लोकर विकली जाई, आता अत्तार, म्हणजे मसाले आणि औषधं विकणारे, बसतात. रंगीत भुकट्यांचे टोकदार डोंगर छायाचित्रांत सुंदर दिसतात. एवढ्या वाऱ्यात ते ढळत कसे नाहीत, असा प्रश्न पडला तर उत्तर बऱ्याचदा आतल्या पुठ्ठ्याच्या शंकूत असतं. खरा माल मागे डब्यांत आणि पोत्यांत. रस एल हनूत हा प्रसिद्ध मसाला प्रत्येक दुकानदार आपापल्या हातानं घालतो. दालचिनी, जायपत्री, सुंठ, वेलची, मिरी, गुलाबकळ्या, असे वीस-पंचवीस जिन्नस तरी असतात आणि यादी विचारली की दोन-चार नावं सांगून तो हसतो. केशर तालिउइनचं, अॅटलासच्या पलीकडच्या पठारावरचं. ते उत्तमच असतं. पण त्याच नावानं स्वस्तात ढिगानं जे विकलं जातं त्या करडईच्या पाकळ्या आणि ‘केशराची भुकटी’ म्हणून जे पुडीत येतं त्यात हळद. मराठवाड्यातून किंवा सांगलीकडून आलेल्या माणसाला निदान इथे कुणी फसवू नये.

अत्ताराचं दुकान निम्मं वैद्याचं आणि निम्मं मांत्रिकाचं. मेंदी, सुरमा, अंघोळीचा काळा साबण, केस धुवायची घासूल माती, धुपाचे खडे हे उघड्यावर. सरड्यांची सुकी कातडी आणि पिंजऱ्यातला जिवंत कॅमेलिऑन सरडा हे जरा बाजूला. कॅमेलिऑन दृष्ट काढायला विस्तवात टाकतात. परदेशी पर्यटक समोर आला की हा विषय टाळला जातो किंवा गंमत म्हणून सांगितला जातो. घेणाऱ्या बायका गंमत म्हणून घेत नाहीत.

रस्त्याच्या पलीकडे रहबा, म्हणजे धान्याचा चौक. तिथे आता धान्य नाही. कॉफीच्या खुर्च्या आणि जुन्या वस्तूंची दुकानं आहेत. त्याच्या शेजारची जुतिया मला साऱ्या बाजारात उजवी वाटते. हा जुन्या सामानाच्या लिलावाचा चौक, दुपार कलल्यावर भरणारा. विकणारा आपली वस्तू दलालाच्या हातात देतो: वापरलेला काफ्तान, रेडिओ, मिक्सर, आजीच्या वेळचा गालिचा. दलाल ती खांद्यावर टाकून किंवा डोक्यावर धरून भिंतीकडेनं बसलेल्या लोकांपुढून चालत राहतो आणि शेवटची बोली मोठ्यानं म्हणतो. कुणी नुसती मान हलवली की आकडा पुढे सरकतो. दोन-तीन फेऱ्यांत तो थांबला की दलाल मालकाकडे येऊन विचारतो, देऊ का? मालक नाही म्हणू शकतो. हो म्हणाला तर दलालाची दलाली कापून पैसे हातात. घासाघीस होतच नाही, कारण प्रत्येकाचा आकडा सगळ्यांनी ऐकलेला असतो. चार पावलांवरच्या गालिच्यांच्या दुकानात चहा पाजून, पंधरा गालिचे उलगडून दाखवून तासाभरात जो भाव निघतो, तो इथे पाच मिनिटांत आणि उघड्यावर निघतो. मोरोक्कोतला बाजार म्हणजे घासाघीस, असं पुस्तकं सांगतात. इथल्या लोकांना जिथे स्वतःची वस्तू विकायची असते तिथे त्यांनी वेगळीच रीत ठेवली आहे, हे पुस्तकांच्या ध्यानात येत नाही.

सोनाराचा चौक लहान आहे आणि त्यात इतिहासाची एक पोकळी आहे. एसाविराचं चांदीचं तारकाम नावाजलेलं होतं आणि ते करणारे कारागीर बहुतांश ज्यू होते. एके काळी या शहरात ज्यूंची संख्या मुसलमानांच्या बरोबरीला आली होती. काही गल्ल्यांत दारांच्या चौकटींवर कोरलेला सहा टोकांचा तारा अजून दिसतो. १९४८ नंतरच्या दोन दशकांत जवळपास सगळे निघून गेले, काही इस्राएलला, काही फ्रान्सला किंवा कॅनडाला. हत्यारं आणि नक्षी मुसलमान शागिर्दांकडे राहिली. २०२० च्या जानेवारीत जुन्या सिनेगॉगच्या इमारतीत ‘बैत दाकिरा’ हे स्मृतिगृह उघडलं, राजा सहावा मोहम्मद स्वतः आला होता. मेल्लाह, म्हणजे ज्यूंचा मोहल्ला, मात्र बराचसा समुद्राच्या खाऱ्या हवेनं खाऊन ढासळला आहे.

एसाविराचा खास माल बाजाराच्या चौकांत मिळत नाही. त्यासाठी समुद्राकडच्या तटाखाली जावं लागतं. वर स्कालावर, म्हणजे तटाच्या माथ्यावर, युरोपात ओतलेल्या ब्राँझच्या तोफांची ओळ आणि खाली, जिथे पूर्वी दारूगोळा ठेवत त्या कमानीदार कोठड्यांत, थुयाचे सुतार. थुया हा सायप्रसच्या कुळातला, हळूहळू वाढणारा वृक्ष. तोडल्यावर तो बुंध्यापासून पुन्हा फुटतो, जी सूचिपर्णी झाडांत क्वचित दिसणारी गोष्ट आहे. या तोडण्या-फुटण्यातून जमिनीखाली, मुळाच्या डोक्याशी, मोठी गाठ तयार होते. सगळी किंमत त्या गाठीला. रोमन लोक तिच्या मेजांसाठी वेडे होते. सिसेरोनं एका मेजाला पाच लाख सेस्टर्स मोजल्याचं प्लिनीनं लिहून ठेवलं आहे.

कोठडीत शिरलं की आधी वास येतो, तिखट आणि गोड, देवदार आणि मिरी एकत्र कुटल्यासारखा. सुतार गाठीची चकती पुढे करतो. कोरडी असताना ती मळकट तपकिरी दिसते. मग ओला बोळा तिच्यावरून फिरवतो आणि एकदम तांबूस जमिनीवर काळसर ठिपके आणि वळसे उठतात. हाच खेळ तो प्रत्येक गिऱ्हाइकापुढे करतो आणि प्रत्येक वेळी तो लागू पडतो. डब्यांच्या झाकणांवर लिंबाच्या पिवळ्या लाकडाच्या, शिंपल्याच्या आणि काळ्या लाकडाच्या बारीक पट्ट्या जडवलेल्या असतात. खाच आधी, मग पट्टी सरसात बुडवून ठोकायची, सुकली की तासायची, मग पॉलिश. एक जात कुलूप न दिसणाऱ्या डब्यांची: एका बाजूची पट्टी सरकवली की आतून किल्ली पडते, दुसरी पट्टी सरकवली की किल्लीचं भोक उघडतं. मुलं हे डबे मोठ्यांपेक्षा लवकर उघडतात.

या सुंदर धंद्यातली खोट उघड आहे. खोड तोडलं तर झाड परत फुटतं. गाठ उकरून काढली तर फुटायला काही उरतच नाही. म्हणजे सर्वांत महाग डबा हा सर्वांत कायमचा मेलेल्या झाडाचा. गाठीच्या तोडीवर सरकारी बंधनं आहेत, चोरटी तोडही आहे. बरेच सुतार आता साध्या खोडाचं लाकूड वापरतात आणि त्यात मला काही उणं दिसलं नाही. घ्यायचंच तर ते घ्यावं.

आर्गनच्या तेलाची गोष्ट याहून बरी निघाली. काटेरी आर्गनचं झाड नैर्ऋत्य मोरोक्कोत स्वयंभू उगवतं. बकऱ्या पाल्याफळांसाठी त्याच्यावर चढतात. रस्त्याकडेला दिसणाऱ्या, फांदीफांदीवर मांडल्यासारख्या बकऱ्या मात्र फोटोचे पैसे मिळावेत म्हणून चढवलेल्या असतात. कठीण कवच दगडावर दगडानं फोडायचं काम बायकांचं. लिटरभर तेलाला तीसेक किलो फळं लागतात आणि कित्येक तासांची मेहनत. रबातच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक झुबिदा शार्रूफ यांनी १९९६ मध्ये तामानारला ‘अमाल’ ही बायकांची सहकारी संस्था उभी केली, तेव्हापासून अशा संस्था वाढत गेल्या. पुढे सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्या आल्या, भाव चढले आणि नफ्याचा मोठा वाटा बाटली भरणाऱ्यांकडे गेला, हेही खरं. बाजारात बदाम, मध आणि हे तेल एकत्र वाटून केलेलं अमलू चाखायला देतात. ते घ्यावं, चेहऱ्याला लावायचं तेल घरी आल्यावर ठरवता येतं.

पर्यटकांनी एसाविराचा बाजार बिघडवला, ही तक्रार माझ्या कानावर पुष्कळदा आली. ऑर्सन वेल्सनं १९४९ मध्ये इथल्या तटांवर ‘ऑथेल्लो’चं चित्रीकरण केलं, कपडे वेळेवर न आल्यामुळे खुनाचा एक प्रसंग त्यानं हमामखान्यात टॉवेल गुंडाळलेल्या नटांकडून करून घेतला. हिप्पी आले. जिमी हेंड्रिक्स १९६९ मध्ये थोडे दिवस आला आणि जवळच्या दियाबात गावच्या पडक्या महालावर त्यानं गाणं रचलं, असं सर्रास सांगतात. ते गाणं १९६७ मध्येच निघालेलं होतं, पण कॅफेवाल्यांना त्याचं काय. १९९८ पासून दर उन्हाळ्यात ग्नावा संगीताचा महोत्सव भरतो. सहारापलीकडून आणलेल्या गुलामांच्या वंशजांचं हे रात्रभर चालणारं भक्तिसंगीत. तीन तारांची गिंब्री आणि लोखंडी करताल ही त्याची वाद्यं. ज्या तांड्यांनी बाजार श्रीमंत केला त्यांनीच हे संगीत साखळदंडातून इथवर आणलं, हे महोत्सवाच्या फलकावर वाचायला मिळत नाही.

बिघडला म्हणण्याइतका हा बाजार कधी सोवळा नव्हताच. तो मुळात बाहेरच्याला माल खपवण्यासाठी आखला होता. फरक पडला तो एवढाच की पूर्वी बाहेरचा माणूस माल जहाजात भरून नेई, आता बॅगेत भरून नेतो. गावाच्या गरजेचा बाजार त्याच्या पोटात आपली जागा धरून राहिला आहे, मासळीत आणि जुतियात.

आणि शेतकऱ्यांचा बाजार हवा असेल तर तटाबाहेर पडावं. आपल्याकडे वारांच्या नावानं पेठा वसल्या, तशा इथे वारांच्या नावानं गावं आहेत. माराकेशच्या वाटेला तीस-पस्तीस किलोमीटरवरचं हद द्रा हे रविवारचं. मेंढ्या, गाढवं, नांगराचे फाळ, दात काढणारा, न्हावी, आणि उंट, गुडघे दुमडून बांधलेले. परिसरातला हा मोठा आठवडी बाजार आहे आणि तिथे कुणी रंगीत शंकू रचत नाही. एसाविराहून सामायिक टॅक्सी मिळते, पण पहाटेच निघायला हवं. उंटांचे सौदे सकाळी लवकर आटोपतात आणि दुपारपर्यंत मैदान मोकळं होतं.